मारीते

जूनमध्ये येल्गावात रात्र नावालाच होते.
दहा वाजता, वाचता येईल एवढ्या उजेडात,
वेल्टा ल्युपिनच्या ताटव्यात उकिडवी बसते,
अंगठा-तर्जनीच्या चिमटीत देठ धरते
आणि खालून वर ओढत नेते,
वातीला पीळ द्यावा तशी.
बोटं हिरवी होतात.
ती एप्रनला पुसते, पुढचा देठ धरते.

मी तिची भाडेकरू. शनिवारी झारी उचलायला येते.
"आमच्याकडे याला मावा म्हणतात," मी सांगते,
"आणि दूध आटवून जो गोळा उरतो, त्यालाही मावाच."
ती हसत नाही.
देठावर चढणाऱ्या मुंगीकडे बोट दाखवते:
"मग हिला विचार. गवळण हीच."
खरंच, मुंगी एका किड्याच्या पाठीवर
मिशांनी हलकेच थोपटते,
आणि त्याच्या मागून साखरपाण्याचा थेंब येतो.
कास पान्हावते तसा.

शेजारचा वाल्फ्रीड्स पाठीवर टाकी घेऊन कुंपणाशी येतो.
"इकडेही मारू का एक फवारा?"
"तुझ्याकडच्या मधमाश्या हल्ली माझ्याकडे येतात," ती म्हणते,
"त्यांना विचारून सांगते."
मग स्वतःची बाटली हलवते: लिटरभर पाणी, चमचाभर साबण.
पान उलटं करून पोटाकडून फवारते.
"वरून मारलं तर नुसती आंघोळ होते त्यांची."

फवारता फवारता सांगते,
यांच्यात उन्हाळाभर नर लागत नाही.
आई लेकीला जन्म देते,
तेव्हा लेकीच्या पोटात नात असतेच.
इथे तिचा हात थांबतो.

तिची लेक सानिता दोन हजार नऊ साली
आयर्लंडला गेली, मशरूम खुडायला,
दोन उन्हाळ्यांपुरती.
नातीला लात्वियन कळतं. बोलायला गेली की अडतं.
"आणि हे बघ. तीन पिढ्या, एका देठावर."
चिमटी पुन्हा खालून वर जाते,
या वेळी जरा जोरात.

सातव्या की आठव्या झाडावर मला ते दिसलं:
तांदळाच्या दाण्याएवढं, काळं, खडबडीत,
मगरीच्या पिल्लासारखं,
अंगावर नारिंगी डाग.
मी बोट पुढे केलं.
"थांब!"
एवढ्या जोरात की पलीकडे वाल्फ्रीड्ससुद्धा थांबला.

"चाळीस वर्षं मी आधी यालाच चिरडलं.
रूपच असं. वाटायचं, सगळ्याच्या मुळाशी हाच.
गेल्या जुलैत नात आली होती. तिनं मनगट धरलं माझं.
वाक्य जुळेना तिला. एकच शब्द सापडला:
मारीते."

मारीते म्हणजे तो लाल ठिपकेदार भुंगेरा,
तळहातावर घेऊन मुलं ज्याला उडवून देतात.
हे त्याचं पोर.
चाळीस वर्षं वेल्टा
मोठ्यांना उडवत आली, पोरांना चिरडत.

माझ्या कानावर तो शब्द मराठी होऊनच पडला.
जात्याच्या घरघरीतलं क्रियापद:
दळिते, कांडिते, मारिते.
आणि ते काळं पोर, जणू नाव ऐकून,
पुढे सरकलं, एक मावा उचलला
आणि त्याचे पाय हलत असतानाच खाऊ लागलं.
बघायला बरं नव्हतं.
आम्ही दोघी बघत राहिलो.

वेल्टानं खिशातून लाल लोकरीचा तुकडा काढला,
त्या देठाला सैल गाठ मारली:
इथे चिमटी नाही, साबण नाही.
मुंग्या येतात-जातात, तर येऊ देत.

"फोटो काढ. तिला पाठव."
काढला. खाली काय लिहू?
"काही नको. तिला कळेल."
ती गुडघ्यावर हात ठेवून उठली,
कमरेतून दोनदा वाकडी झाली, सरळ झाली,
अकरा वाजून गेलेल्या आभाळाकडे बघितलं
आणि बोटं पुसत म्हणाली,
"बरं, लिही.
अजून चौदा देठ बाकी आहेत."